नांदुऱ्याच्या जिनिंगमधली पंगत

परत आल्यापासून कचेरीत जो तो एकच विचारतो, "बुलढाण्याला काय पाहण्यासारखं आहे हो?" मी लोणारचं तळं सांगतो, राजूरचा घाट सांगतो. ऐकणारा मान हलवतो आणि आपल्या टेबलाकडे जातो. पण मला जे पाहायला मिळालं ते एका दुपारच्या जेवणाच्या वेळी, आणि ते चहाच्या कपाबरोबर सांगून संपण्यासारखं नाही. म्हणून हे लिहीत आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन अजून फार वर्षं झालेली नाहीत. अपंगांना काम मिळवून देणाऱ्या मुंबईच्या एका कचेरीत मी कारकून आहे. या कचेरीला सल्ला देण्यासाठी एक मंडळ आहे. त्यात डॉक्टर आहेत, कारखानदार आहेत, शाळा चालवणाऱ्या बाया आहेत. मंडळाच्या एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, "कल्याणच्या पलीकडे अपंग माणसं नाहीतच का?"  मग ठरलं की जिल्ह्याजिल्ह्यांत अशी मंडळं उभी राहावीत, आणि जिथे ती झाली आहेत तिथे इथल्या सभासदांनी जाऊन यावं. बुलढाणा सरलाताईंच्या वाट्याला आलं. ताई पुण्याच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या मदतीला मला पाठवलं.

मी सिन्नरचा. आईवडील विड्या वळून घर चालवत. नगरपालिकेच्या शाळेने माझी फी घेतली नाही, कॉलेजात एका प्राध्यापकांनी आपली पुस्तकं दिली, आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. अशा माणसाला सरकारी खर्चाने प्रवास मिळाला की त्याला झोप लागत नाही. मी आगगाडीचं वेळापत्रक इतक्या वेळा वाचलं होतं की मलकापूरच्या आधीची सगळी स्टेशनं ताईंना तोंडपाठ म्हणून दाखवली. ताई म्हणाल्या, "आता उतरायचं तेवढं विसरू नका."

बुलढाणा

मलकापूरला उतरून एस.टी. धरली. खाली पांढऱ्या कापसाची शेतं, आणि राजूरचा घाट चढू लागलो तसा वारा गार झाला. सागाची मोठमोठी पानं रस्त्यावर खडखडत होती. मला वाटलं होतं वऱ्हाड म्हणजे नुसतं ऊन. स्टँडवर उतरलो तेव्हा मी कानाला पंचा गुंडाळला होता.

घ्यायला वानखडे गुरुजी आले होते. हे तिथल्या मंडळाचे सभासद, प्राथमिक शाळेत शिक्षक. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली येऊन त्यांचा डावा हात कोपरापासून गेला. उजव्या हाताने त्यांनी ताईंची वळकटी उचलली. मी ती घ्यायला धावलो.

"राहू द्या साहेब," ते म्हणाले. "दुसरा हात असता तर तुमाले बी उचललं असतं."

मंडळाची बैठक शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. वकील, डॉक्टर, दोन व्यापारी, सगळी मनाने फार चांगली माणसं. गावातल्या सहासात अपंगांना बोलावून त्यांनी पुढच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. त्यांना गंध लावलं, नारळ दिला, खांद्यावर टॉवेल टाकला. वकीलसाहेबांनी तर बोलताना चष्मा काढून डोळे पुसले. मग या पाहुण्यांना पेढा देऊन हळूच दाराबाहेर पोचवलं, आणि त्यांना काम कसं मिळेल याची चर्चा ते गेल्यानंतर सुरू झाली. मला तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडेही सभा अशाच होतात.

रात्री गुरुजींच्या घरी जेवलो. भिंतीवर बुद्धाचं लहानसं चित्र, त्याच्यापुढे जास्वंदीचं ताजं फूल. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यावर कांद्याची पात आणि कच्चं तेल. सिन्नरला पाहुण्याला दोनदा आग्रह करतात आणि तिसऱ्यांदा तो नाही म्हणाला की खरं मानतात. इथे तिसऱ्या नकारानंतर आग्रहाला सुरुवात होते. ठेच्याचा एक मोठा घास मी ऐटीत घेतला आणि उचकी लागली. गुरुजींच्या पत्नी गुळाचा खडा घेऊन धावल्या. "पाणी नका पिऊ जी, आणखी पेटते ते!"

गुरुजी हसत म्हणाले, "मायी बदली कधीच होत नाही, सांगू काऊन? साहेब लोक म्हणतात, थोट्या माणसाले हलवलं तर पाप लागते. बाकीचे मास्तर जळून राह्यले मायावर."

ताई हसल्या. मग गुरुजीच गंभीर झाले. "आजच्या सभेत तसंच झालं, ताई. नारळ देल्ला, घरी पाठवलं. उद्या धाड गावाले चला. एक पोरगा दाखवतो. त्याले नारळ नका देऊ."

धाड

धाडला बाजाराचा दिवस होता. बैलगाड्या, मेथीच्या जुड्या, बांगड्यांची दुकानं, आणि एका कडेला लाल मिरचीचे ढीग. त्या बाजूला वळताच ताईंना शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. मिरचीच्या ढिगामागे बाभळीखाली एक तरुण दाभण आणि सुतळी घेऊन फाटकी पोती शिवत बसला होता. बाजूला दोन कुबड्या. लहानपणच्या तापात त्याचे पाय वाळून गेले होते. खांदे मात्र पैलवानासारखे.

"प्रल्हाद, हे मुंबईचे साहेब. ह्या ताई," गुरुजींनी सांगितलं.

त्याने दाभण बाजूला ठेवून हात जोडले. "ताई, तिकडं सरकून बसा. वारा इकडून येऊन राह्यला, मिरची तुमच्याच नाकात चालली."

तो सातवी पास होता. घरी थोडी वांगी-मेथी पिकत असे. भाऊ शेत पाहत होता.

"या कामाची मजुरी काय मिळते?" मी विचारलं.

"मजुरी?" तो हसला. "चहा देतात, पोहे देतात. पसाभर मिरची देतात. म्हणतात, खा बापू, तुले कोण नाही म्हणते? पोट भरते साहेब. तक्रार नाही. पण मले काम पाह्यजे. भोंगा वाजला की जायचं, भोंगा वाजला की सुटायचं, असं."

तेवढ्यात एक व्यापारी येऊन त्याच्या पुढ्यात जिलबीचा पुडा ठेवून गेला. शिवलेली पोती घेऊन गेला. प्रल्हादने पुडा आमच्याकडे सरकवला. जिलबी उत्तम होती, पण ती खाताना मला संकोच वाटला.

गुरुजींच्या डोक्यात योजना तयार होती. नांदुऱ्याला किसनशेठ नावाच्या गृहस्थांची कापसाची जिनिंग, म्हणजे रुई आणि बी वेगळं करणारी गिरणी, आहे. कापसातून निघालेली सरकी ते पोत्यांत भरून विकतात. फाटक्या पोत्यांना ठिगळं लावणारा त्यांचा माणूस काम सोडून गेला होता. हंगाम जोरात होता आणि शेठ दयाळू म्हणून सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध. गुरुजींचा मावसभाऊ नांदुऱ्यातच राहत असल्याने प्रल्हादच्या राहण्याचीही सोय होती. फक्त शेठ दोन दिवस खामगावला गेले होते.

मधला वेळ मोकळा होता. गुरुजी म्हणाले, "जिल्ह्यात येऊन लोणार न पाह्यता गेलात, तर मुंबईत तोंड काय दाखवाल?"

लोणार

गावातून चालत जावं आणि एकदम जमीन संपावी, तसं ते तळं समोर येतं. प्रचंड गोल वाटी, कडेला दाट झाडी, आणि तळाशी हिरवट, स्तब्ध पाणी. आकाशातून दगड पडून हे झालं असं म्हणतात. काठावरची एक म्हातारी मात्र आम्हाला म्हणाली की इथे राक्षस राहत होता, देवाने त्याला मारला. तिने ते इतक्या सहज सांगितलं, जसं काही शेजारचं घर पाडल्याची हकिकत. खाली उतरलो. पाणी बोटाला बुळबुळीत लागतं, जिभेला खारट. मोर ओरडत होते. पडकी देवळं झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली.

चढताना माझ्या नव्या चपलेचा अंगठा तुटला. गुरुजींनी खाली बसून, एका हाताने आणि दातांनी, कसल्याशा वेलीने तो बांधून दिला. तिथेच त्यांनी खरी गोष्ट सांगितली.

"प्रल्हादले नोकरी काही उगीच नाही पाह्यजे, साहेब. धाडलेच गया म्हणून पोरगी हाये. तिच्या बापाचा मिरचीचा मळा. बापाले पोरगा पसंत हाये. पाय नाहीत याचं काही नाही म्हणत तो. पण म्हणते, लोकाइनं देल्लं तर जेवते, नाही देल्लं तर काय करन? कमावता झाला तर पोरगी देतो. नाही तर चैतात दुसरीकडं ठरवतो."

"आणि मुलगी काय म्हणते?" ताईंनी विचारलं.

"पोरगी काही म्हणत नाही. फक्त दर बाजारले बापाची सगळी पोती त्याच्याकडूनच शिवून घेते. फाटली नसली तरी."

ताई वाटेतच थांबून मोठ्याने हसल्या. मग म्हणाल्या, "चैत्राला किती दिवस राहिले हो?" आणि त्यांचा चढण्याचा वेग वाढला.

नांदुरा

प्रल्हाद बुलढाण्याच्या स्टँडवर आम्हाला भेटला. धुतलेला सदरा, आईने दिलेलं भाकरीचं गाठोडं कमरेला. एस.टी.च्या पायऱ्या तो कुबड्या आधी आत टाकून हातांवर चढला. कंडक्टरने त्याला पुढची जागा दिली, तिकीट नको म्हणाला. प्रल्हादने तिकीट मागून घेतलं.

नांदुरा रेल्वेचं गाव. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि हवेत सगळीकडे उडणारे कापसाचे तंतू. जिनिंगच्या फाटकात शिरलो तेव्हा माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

किसनशेठ गादीवर बसले होते. प्रल्हादला पाहताच अनवाणीच धावत आले. "या, या बापू! सांभाळून. अरे, खुर्ची आणा! पाणी आणा!" त्यांनी स्वतः त्याला हात दिला, स्वतः पाण्याचा तांब्या पुढे केला.

ताईंनी मंडळाचं काम समजावून सांगायला सुरुवात केली. शेठनी त्यांना पुरं बोलूच दिलं नाही. "देल्ली जागा, ताई! जल्माची देल्ली!"

मला आनंदाने काय करावं कळेना. सल्लागार मंडळाच्या बैठकीत ताई हे कसं सांगतील ते मी मनात ऐकूही लागलो.

प्रल्हादने विचारलं, "भोंगा किती वाजता होते जी?"

"भोंगा?" शेठ हसले. "तुमाले भोंग्याशी काय करणं हाये? फाटकापाशी खोली हाये, तठी राहा. दोन वख्ताचं जेवण माया घरून. दिवाळीले दोन धोतरं. बसा आन् देवाचं नाव घ्या."

"आन् काम?"

शेठचा चेहरा एकदम मऊ झाला. "मायी माय जाताना सांगून गेली, बापू. पांगळ्या माणसाचा घाम आपल्या दारात पडू देऊ नको. दर अमावास्येले इथं अशा माणसाइची पंगत असते. एवढ्या वर्सात एकाले बी काम सांगतलं नाही. तुमच्याकडून दाभण चालवून घेतलं तर मी मायले काय तोंड दाखवू?"

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते ढोंग नव्हतं. प्रल्हाद खाली पाहत म्हणाला, "मंग मी येत नाही, शेठजी."

"असं कसं? आधी जेवा तर!"

ताई गुरुजींना हळूच म्हणाल्या, "निदान खाण्यापिण्याची काळजी तरी मिटेल."

"ते धाडले बी मिटलेली होती, ताई. गयाच्या बापाले काय सांगू? तुमचा जावई नांदुऱ्याले जेवतो म्हणून?"

शेठचं घर जिनिंगला लागूनच. ओसरीवर पाट मांडले होते. वरण-बट्टी, भरीत, ताजं तूप. पहिल्या पानाभोवती रांगोळी होती, ते प्रल्हादचं. त्यानंतर ताई, गुरुजी, मी. हातपाय धुऊन आम्ही बसलो आणि पाहतो तर पहिल्या पानावर कोणीच नाही.

आमच्याकडे एखादा पाहुणा मागे राहिला तर त्याचं ताट झाकून ठेवतात आणि बाकीचे जेवतात. इथे मानाच्या पानावर कोणी नसताना शेठ तूप वाढीनात, आणि यजमानाने तूप वाढल्याशिवाय आम्ही हात कसा लावणार? भांड्यातलं तूप डोळ्यांसमोर थिजू लागलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शेवटी शेठ तुपाचं भांडं हातात घेऊनच त्याला शोधायला निघाले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे.

प्रल्हाद जिनिंगच्या अंगणात होता. दुपारची सुट्टी झाली होती. निंबाखाली बाया-माणसं आपापल्या भाकरी सोडून बसली होती आणि तोही त्यांच्यात गाठोडं सोडून बसला होता. कोणीतरी त्याला मिरची दिली होती, त्याने कोणाला तरी चटणी दिली होती.

शेठ कळवळून म्हणाले, "बापू, काऊन मायी इज्जत घेता? मानाचं पान सोडून अठी काय बसले?"

"शेठजी, तुमचं अन्न मोठं हाये," प्रल्हाद म्हणाला. "पण अठी बसलेले जेवून कामाले उठतात. मी तठी बसलो तर जेवून कायले उठू?"

 मग कस्तुराबाईंनी तोंडातला घास संपवला. या तिथल्या बायांच्या मुकादम, केस पिकलेल्या, आवाज मोठा.

"शेठजी, एक इचारू? माया मालक गेला तवा मी दोन लेकरं घेऊन तुमच्या मायपाशी आली होती. रडून राह्यली होती. मायनं मले जेवू घातलं काय?"

"घातलं असन."

"एक दिवस घातलं. दुसऱ्या दिवशी म्हणे, कस्तुरा, रडणं पुरं, कापसातला कचरा वेचाले बस. मले काऊन नाही म्हणली, बसून खा?"

"ते येगळं, बाई. तू धडधाकट होती."

"धडधाकट?" कस्तुराबाई म्हणाल्या. "माया आंगात उभं राहाची ताकद नव्हती. मायनं बसून कराचं काम देल्लं. म्हणून मी आज उभी हावो."

शेठ निंबाच्या बुंध्याकडे पाहत राहिले. मला वाटलं रागावले. पण ते म्हणाले, "बरं. एक पोतं शिवा बापू. नावाले. मंग पानावर बसा. ताई उपाशी हायेत."

ते केवळ पंगत सुरू व्हावी म्हणून होतं, हे सगळ्यांना कळलं. प्रल्हादलाही. त्याने भाकरी तशीच गुंडाळून ठेवली. कोणीतरी एक फाटकं पोतं आणलं, ते त्याने मांडीवर घेतलं, ठिगळ लावलं, आणि हात असे भराभर चालवले की बाया पाहत राहिल्या. शेठ तर पाहतही नव्हते. तुपाच्या भांड्यावर माशी बसू नये म्हणून हात हलवत होते.

"झालं? चला आता."

"भरून पाहू द्या जी," प्रल्हाद म्हणाला.

दोघा मजुरांनी पोत्यात सरकी ओतली. एका हमालाने ते पाठीवर घेतलं. तो चार पावलं चालला असेल, ठिगळाच्या कडेने आधी एक धार लागली, मग टाकेच निसटले आणि सगळी सरकी त्याच्या पाठीवरून, पायांवरून, अंगणभर सांडली. धाडला प्रल्हाद मिरचीची पोती शिवत होता. मिरची हलकी, आणि आकाराने मोठी. तिला लांब टाके चालतात. बारीक आणि जड सरकीला ते कसे पुरणार?

मी डोळे मिटले. माझ्या मते सगळं संपलं होतं.

तेवढ्यात माझ्या कानाशी किसनशेठ गरजले.

"काऊन बे! मिरची भरतो काय मी अठी? सरकी हाये ही, सरकी! येवढाले टाके कोणी घालते? बोट जाते त्याच्यातून! डोये कुठी होते तुये? सारा माल मातीत घातला गाढवानं!"

 शेठनी जीभ चावली. हातातलं तुपाचं भांडं त्यांनी कस्तुराबाईंकडे दिलं आणि स्वतःच्या हाताकडे असे पाहू लागले, जणू त्याच हाताने काही केलं होतं. "माय गं," एवढंच पुटपुटले.

प्रल्हाद मान खाली घालून टाके उसवत होता. त्याने वर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की ताईंनी डोळ्यांना पदर लावला.

"चुकलं, शेठजी. बारीक टाका घालतो. दुहेरी सुतळी द्या."

शेठनी सांडलेल्या सरकीकडे पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "दुहेरीनं नाही भागत. मेण लाव सुतळीले. कस्तुराबाई, दाखवा त्याले. आन् ही सांडलेली सरकी कोण वेचन?"

"मीच वेचतो जी. बसूनच तं वेचाची हाये."

"मंग वेच. आन् सकाळी भोंग्याच्या आधी येजो. उशीर केला तर फाटकात घेत नसतो मी कोणाले."

"हाव शेठजी."

ताईंनी मला कोपराने डिवचलं आणि होकाराचं ते "हाव" स्वतःशीच म्हणून पाहिलं. पहिल्या दिवशी ही बोली त्यांना फार रांगडी वाटली होती.

त्या दिवशी मानाच्या पानावर कोणी बसलं नाही. शेठनी ते उचलून निंबाखाली आणलं, बट्ट्या मोडून सगळ्या बाया-माणसांना वाटल्या. प्रल्हादला सर्वांच्या शेवटी मिळाली, कारण तो सरकी वेचत होता.

संध्याकाळच्या एस.टी.ला गुरुजी बुलढाण्याला परत निघाले, आम्ही स्टेशनकडे. प्रल्हाद फाटकापर्यंत पोचवायला आला. केसांत कापूस, बोटाला दाभणाचं रक्त. त्याने ताईंना वाकून नमस्कार केला. मग गुरुजींना थांबवून म्हणाला,

"गुरुजी, धाडले जाऊन गयाच्या बापाले भेटजा. नोकरी लागली म्हणसान तर त्याले खरं नाही वाटणार. त्याले सांगा, शेठनं आज प्रल्हादले भर अंगणात, सगळ्याइच्या समोर, गाढव म्हणलं."